लॉकअपच्या भिंतीचा ओळंबा

सरकारी इमारतीत सरकारशिवाय दुसऱ्या कुठल्याही शक्तीचा वावर असू शकत नाही, या मतावर मी बांधकाम खात्यातली अकरा वर्षं ठाम होतो. सरकारचाही फारसा नसतो, हेही त्याच अकरा वर्षांत कळलं होतं. भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकायचो त्या फक्त चहा येईपर्यंत.

महायुद्धाचे दिवस. शेवगाव तालुक्यातल्या एका गावी नवं पोलीस ठाणं बांधायचं होतं आणि मी त्या कामावर ओव्हरसियर होतो. सिमेंट लढाईवर गेलेलं, म्हणून काळा दगड आणि बैलाच्या घाण्यात मळलेला चुना. मिस्त्री नगरचे उस्मानचाचा, साठीचे. भिंतीचा सूतभर बाक त्यांना नुसत्या नजरेनं कळायचा, तरी प्रत्येक थराला दोऱ्याला वजन बांधलेला ओळंबा सोडल्याशिवाय पुढचा दगड ठेवायचे नाहीत.

लॉकअपची उत्तरेची भिंत नऊ फुटांवर आली होती. भर दुपार, वारा अजिबात नाही. चाचा भिंतीवर बसून आतल्या बाजूनं ओळंबा सोडत होते.

"साहेब, आतून चार बोटं फरक येतोय."

चुन्याची पाटी घेऊन आलेली सगुणाबाई म्हणाली, "चाचा, म्हातारपन भिंतीत उतरलं व्हय?"

"तू पाटी सांभाळ. भिंत मी सांभाळतो."

चार बोटं म्हणजे भिंत उतरवायची. मी बाहेरून ओळंबा लावला, अगदी बरोबर. भिंतीची जाडी वर-खाली मोजली, दोन्हीकडे दीड फूट. म्हणजे भिंत सरळ होती... तिरका होता तो आतला दोरा.

शिकलेला माणूस असल्यानं मी लगेच म्हणालो, "दगडात लोहचुंबक असेल."

"ओळंबा पितळेचा हाय, साहेब."

माझं विज्ञान तिथं संपलं. "वर घ्या तो," मी म्हणालो.

"येत न्हाई." आणि मग अगदी हळू, "साहेब... खालून कोनी धरलाय?"

मी आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. ओळंबा जमिनीपासून वीतभर वर, मोकळा, कशालाही न टेकलेला. दोरा मात्र तारेसारखा ताणलेला. त्याचं वरचं टोक चाचांनी नेहमीप्रमाणे उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलं होतं. आता ते मांसात रुतलं होतं, नख काळं पडलं होतं, आणि चाचा इंचाइंचानं पुढं झुकत होते. खाली धारदार डबराचा ढीग.

"सोडा ना!"

"सुटत न्हाई. नुसतं बोट गेलं असतं तर जाऊ दे म्हनलं असतं. मी बी चाललोय."

मी दोरा मुठीत धरला. हिसका नव्हता. शांत, एकसारखी ओढ होती. कुणी हात धरून 'चला' म्हणावं तशी. आणि मी धरल्याबरोबर ती दुप्पट झाली. जणू आता दोघं आलो, हे तिला कळलं होतं. मूठ उघडायची असते, हेच मला आठवेना. माझे पाय मुरुमावरून कोपऱ्याकडे घसरू लागले.

सगुणाबाईनं पाटी टाकली, आत धावत येऊन कमरेचा गवताचा विळा काढला आणि माझ्या मुठीखाली दोरा कापला. चाचा मागे परांचीवर पडले. मी भिंतीवर आपटलो.

ओळंबा पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही तिघांनी शोधलं. दुसऱ्या दिवशी दोन फूट जमीन खणली. सापडला नाही.

"दार बसलं न्हवतं म्हनून बाहेर आलात," सगुणाबाई एवढंच म्हणाली. त्यानंतर ती त्या खोलीत पाटी घेऊन आली नाही, आणि मी तिला सांगितलंही नाही.

चाचांचं बोट नगरच्या दवाखान्यात पेरापासून काढावं लागलं. डाव्या हातानं थापी धरायला ते म्हातारपणी शिकले. ऊन, उपास, भास... मी सगळं पडताळून पाहिलं. भास झाला असेल तर त्यानं तीन माणसांना एकदम गाठलं आणि एकाचं बोट नेलं. याहून पुढे मी कधी गेलो नाही.

अपघाताच्या फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना होता. मी 'दोरा' असं लिहिलं. वरून कसलीही विचारणा आली नाही.