आंबेखाचर

ओहोटी लागली की आमच्या बाल्कनीत खाडीचा वास येतो. उघड्या पडलेल्या चिखलाचा, कुजत चाललेल्या शेवाळाचा, मिठाचा आणि कशाकशाचा. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडायला लागतात, पुन्हा वास येतोय, कुणीतरी कम्प्लेंट करा. कम्प्लेंट कुणाकडे करायची, चंद्राकडे? मी निमूटपणे काचा सरकवते आणि नेमके तेव्हाच आमचे कॉलेजातले इतिहासाचे सर आठवतात. वर्गात ते याच वेळी उठून खाडीकडच्या तिन्ही खिडक्या सताड उघडायचे. आम्ही नाकाला रुमाल लावला की म्हणायचे, "रुमाल काढा. राहता कुठे ते नाकाला तरी कळू दे." चार महिने झाले त्यांना जाऊन. तरी माणूस अजून खिडक्या उघडतोच आहे, काय म्हणावं.

सरांवर आमचा सगळ्यांचा जीव होता हे खरं, पण त्यांच्याइतकं वैतागवाणं माणूसही मी पाहिलेलं नाही. ते रागवत नसत. चूक झाली तर चूक म्हणत नसत. पेपरच्या समासात बारीक पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहीत आणि म्हणत, "बघू. सावकाश." बाकीच्या सरांचं बरं होतं, ते ओरडायचे आणि विषय संपायचा. सरांचा प्रश्न मात्र चपलेत शिरलेल्या खड्यासारखा बरोबर घरी यायचा, आणि वाकून तो काढायचाही कंटाळा, तसंच चालायचं.

पहिल्या वर्षाला त्यांचा एकच गृहपाठ असे. तुमच्या बिल्डिंगच्या जागी पूर्वी कोणतं शेत होतं, त्याचं नाव विचारून या. नवी मुंबईचे सगळे सेक्टर त्यांनी एका भल्या मोठ्या कापडी कागदावर काढले होते आणि दर वर्षीची मुलं आणतील ती नावं ते त्यावर शाईने लिहीत. सेक्टरला नंबर सरकारने दिला, म्हणत, पण त्याआधी जमीन काही बिननावाची नव्हती. गावातली मुलं दोन दिवसांत नावं घेऊन आली. एक जण तर मोरा बंदराच्या धक्क्याजवळून यायचा, त्याने मिठागरांचीच पंधरा नावं आणली. आम्हा फ्लॅटवाल्यांना मात्र हायवे ओलांडून गावात जायचं आणि कुणाच्या तरी ओट्यापुढे उभं राहून विचारायचं होतं, तुमचं शेत कुठे होतं हो, ज्यावर आता आम्ही राहतो? परळची खोली सोडून आम्ही इथे आलो त्याला वर्षही झालं नव्हतं. बाबा म्हणाले, गावात जायचं काम नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण मला लाज वाटत होती.

मी घरी बसून नाव रचलं. आंबेखाचर. वर परिच्छेदभर वर्णन केलं, बांधावर डेरेदार आंबा, त्याच्या सावलीत न्याहारी करणाऱ्या बाया. लिहिताना मलाच भरून आलं होतं. सरांनी कागद परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "आंबा कोणत्या जातीचा?" मी शहाणीने त्याखाली लिहिलं, रायवळ. सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू. सावकाश."

हे सावकाश प्रकरण एकतीस वर्षं चाललं. मी शिकले, बँकेत लागले, लग्न केलं, आई-बाबांच्याच सोसायटीत घर घेतलं. सर निवृत्त झाले तरी महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे जायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, चहा टाकायच्या आणि सर माझ्या प्रत्येक मताच्या विरुद्ध काहीतरी वाचायला काढून ठेवायचे. निघताना हमखास एक वाक्य, "एकदा गावाकडे चक्कर मारून ये." मी म्हणायची, हो सर, मार्च उरकू दे. नकाशा कपाटामागे गुंडाळून उभा असे. तो मी कधी पाहायला मागितला नाही. त्यात माझी थाप शाईने लिहिलेली असणार, आणि ती पाहायची माझी छाती नव्हती.

ते गेल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की चार महिन्यांनी होणाऱ्या श्रद्धांजली सभेत तो नकाशा छापून वाटायचा. आणि छापण्याआधी तपासायचं काम कुणाकडे? जवळ राहते म्हणून माझ्याकडे. काकूंनी गुंडाळी जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. मी आधी आमचा सेक्टर शोधला. चहूबाजूंनी नावांची दाटी होती आणि मधे माझ्या जागी काहीच नव्हतं. कोरा कागद, आणि त्यावर पेन्सिलीने माझा पहिल्या वर्षाचा रोल नंबर.

"तो तुकडा त्यांनी कुणाला भरू दिला नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्यानंतर तुमच्या बाजूची किती मुलं आली. त्यांना दुसरी जागा द्यायचे. म्हणायचे, ती दिलेली आहे."

मला सरांचा भयंकर संताप आला. अहो सर, एकदा तोंडावर सांगायचं की हे खोटं आहे, पुन्हा लिही. मी रडले असते, गेले असते, विचारून आले असते. त्याऐवजी तुम्ही थांबलात. माझ्या लाजेपायी एका शेताचं नाव एकतीस वर्षं बाहेर उभं ठेवलंत. ती नावं जाणणारी माणसं एकेक करून जात होती हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? नकाशा चार दिवसांत छापायला जायचा होता. तेवढ्यात ते नाव सापडलं नसतं, तर ते माझ्यामुळे कायमचं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून हायवे ओलांडला. गाव म्हणजे आता चार-चार मजली घरं, खाली ब्यूटी पार्लर आणि मोबाइलची दुकानं. तीन दारी विचारलं तेव्हा एका ओट्यावर सुपात जवळा निवडत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे बोट दाखवलं गेलं. मी सेक्टर आणि आमची सोसायटी सांगितली आणि घाबरत विचारलं, "मावशी, तिथे आंबेखाचर म्हणून काही होतं का?"

त्या हसायला लागल्या. "आंबं? त्या खाऱ्या मातीन? खाडीचं पानी अडवाला बांध घालून घालून आमचं हात गेलं, न आंबं कुठशी?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू मास्तरची पोरगी का?"

मी मान हलवली.

"मास्तरला मी कवाच सांगलेलं. बोलली, लिव. तर बोलला नको, एक पोरगी येनार हाय, तिला सांगा. दर साली येवाचा न इचाराचा, आली का? मी बोलाची, नाय आली. तर बोलला, तवर तुमी बऱ्या रवा." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता मी तरी किती जगू?"

मग त्यांनी नाव सांगितलं. बायोचा तुकडा. त्यांच्या सासऱ्यांची बहीण बायो विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा भावांनी बांधाकडचा एक तुकडा तिला वेगळा काढून दिला. हात चालेनासे होईपर्यंत ती त्यात एकटीने भात लावायची. आज त्यावर आमच्या तीन विंग आहेत, मुलांची घसरगुंडी आहे आणि मी वासाला कंटाळून सरकवते त्या काचा आहेत.

काकूंकडे जाऊन मी रोल नंबर खोडला आणि त्यावर शाईने नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. सवयीने मान वर करून समोरच्या खुर्चीकडे बघितलं. गृहपाठ पुरा झाला होता आणि तपासायला कुणी नव्हतं. एकतीस वर्षं थांबलात सर, न बोलता, न रागावता, दर साली त्या ओट्यापर्यंत जाऊन थांबलात. अजून चार महिने थांबायला काय झालं होतं तुम्हाला?