छुट्टीवाले भिया

न विचारता कुणाला काही सांगणं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जमतच नसे. आई म्हणायची, घराला आग लागली तरी हे कुणीतरी 'धूर कसला?' असं विचारायची वाट बघतील. मला शाळेत न घालण्यामागेही एवढंच होतं. "विचारेल तेव्हा सांगू," ते म्हणाले. आई वर्षभर भांडली आणि मग तिने भांडणंही सोडून दिलं.

देवासला टेकडीखालच्या बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सकाळी अकराला, सगळी मुलं वर्गात असताना, मी दुकानाच्या पायरीवर बसून शेजारच्या गाडीवरचे पोहे खात असे. तो पोहेवाला रोज विचारायचा, "क्यों भिया, आज काय की छुट्टी?" दादा म्हणायचे, "इसकी तो रोज ही है." त्यावरून बाजाराने त्यांचं नाव 'छुट्टीवाले भिया' पाडलं. ते नाव त्यांनी आनंदाने वापरलं. मी मात्र ते ऐकलं की पोहे घेऊन दुकानात आत जाऊन बसे.

मोठ्या माणसांना मला बघितलं की परीक्षा घ्यायची हुक्की येई. गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर विसरून मला विचारी, "सतरा आठे किती, बेटा?" दादा भिंग पुसता पुसता अगदी मऊ आवाजात विचारत, "आपको कहीं अटका है क्या? एक सौ छत्तीस." गिऱ्हाईक ओशाळून हसे. तेव्हा मला दादा जगातले सर्वांत हुशार गृहस्थ वाटत.

दुकानात अक्षरांचा एक हिंदी तक्ता टांगलेला होता. छडीने त्यातलं एकेक अक्षर दाखवायचं काम माझं. कोणत्या जागेवर कोणतं अक्षर, हे गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं, आणि कुणी चुकलं की मी दुरुस्तही करत असे. मला वाचता येतं अशीच सगळ्यांची समजूत होती. हळूहळू माझीही झाली. एकदा एका निवृत्त मास्तरांनी कौतुकाने पेपर माझ्यापुढे धरला आणि वरची ओळ वाचायला सांगितली. मी नऊ वर्षांची होते. अक्षरं तीच होती, पण जागा बदलल्याबरोबर मला एकही ओळखू येईना. मास्तर रागावले नाहीत. दादांकडे वळून एवढंच म्हणाले, "भिया, दुनिया की आँखें जाँचते हो. इसकी कौन जाँचेगा?"

दादा म्हणाले, "पूछेगी तब बताऊँगा, मास्साब." पण नंतर दुपारभर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी मीच तो पेपर घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. त्यांनी जी घाई केली! दुकान अर्धवट बंद करून, दिवा ओढून, पायरीवरच शिकवायला बसले. त्या पावसाळ्यात मी वाचायला लागले. आधी हिंदी आणि मग मराठी.

पण लाज एकदा घरात शिरली की ती सहज निघत नाही. धारला आत्यांकडे गणपतीत पंगत बसे. पाटावर बसलेल्या प्रत्येक मुलाने जेवणाआधी नाव आणि इयत्ता सांगून एक श्लोक म्हणायचा, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. आत्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे उच्चाराला फार जपत. मी अकरा वर्षांची असताना श्लोक चांगला घोटून गेले होते. माझी पाळी आली तशी आत्या घाईने म्हणाल्या, "तिला राहू द्या. पुढचा." त्यांनी मला वाचवलं होतं. पंगतीतल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या पानाकडे पाहिलं. पलीकडे दादा मीठ चिमटीत धरून तसेच बसले होते.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मला शाळेत जायचंय."

"तुला, की त्यांना?" दादांनी विचारलं.

"मला त्यांच्यापुढे लाज वाटते."

"लाज तुला वाटते ना? मग जायचंही तुलाच आहे," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

आठवड्याभरात ते मला घेऊन एका शाळेत गेले. तिथल्या बाईंनी आम्हांला समोर बसवून दादांची खरडपट्टी काढली. मुलीचं आयुष्य म्हणजे खेळ वाटला का, घरात कुणी शिकलेलं नाही का. भल्याभल्यांना मऊ आवाजात गप्प करणारे माझे दादा मान खाली घालून 'जी, जी' करत होते. शेवटी बाईंनी विचारलं, "इतने साल आखिर सोचा क्या था आपने?" मला वाटलं, आता तरी बोलतील. दादा म्हणाले, "गलती हो गई, मैडम. भर्ती कर लीजिए." मला प्रवेश मिळाला.

त्यानंतर सगळेच त्यांच्यावर खूश झाले. आत्यांनी फोन करून शाबासकी दिली. पोहेवाल्यानेही नाव बदललं, नुसतं 'भिया' म्हणू लागला. तक्त्यावरची छडी आता दादा स्वतःच फिरवत. मी शिकले, नोकरीला लागले, आणि 'गलती हो गई' हे वाक्य आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही.

गेल्या वर्षी दादा गेले. तेराव्याला देवासच्या घरी पानं वाढली जात असताना आत्या नातेवाइकांना सांगत होत्या, "हट्टी होता, पण चूक कबूल केली हो त्यानं वेळेवर. म्हणून पोरीचं भलं झालं." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी म्हटलं, "त्यांना ती चूक वाटत नव्हती, आत्या. मला शाळेत घ्यावं म्हणून ते तसं बोलले."

आत्या थांबल्या. म्हणाल्या, "मला कधी एका शब्दानं बोलला नाही."

"तुम्ही विचारलंत का?" मी म्हटलं, अगदी दादांसारख्या मऊ आवाजात.

आत्यांनी मान खाली घातली. मी पुढच्या पानावर वरण वाढायला वाकले आणि माझाही चेहरा लाजेने तापला. प्रवेशाच्या त्या दिवशी शाळेतून बाहेर पडल्यावर दादा दुकानापर्यंत माझ्याशेजारून चालत आले होते. मीही कुठे विचारलं होतं.