उसाचा ट्रक कुठं जातो
रसवंतीपाशी चिपाडांचा वास आला की मला मांजरसुंब्याचा फाटा आठवतो आणि अजून डोकं फिरतं. दुष्काळाचं वर्ष होतं. सहकारी साखर कारखान्याचा एक संचालक 'ये, कारकून म्हणून चिकटवतो' म्हणाला होता, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून भर उन्हात मी दिसेल त्या गाडीला हात करत होतो. शेवटी उसानं भरलेला एक ट्रक थांबला. ऊस म्हटल्यावर तो कारखान्यालाच जाणार, त्यात विचारायचं काय? मी केबिनमध्ये चढलो. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं डांबरी रस्ता सोडला आणि ट्रक थेट माळावरच्या जनावरांच्या छावणीत घातला. मी ओरडलो, "अहो, मला कारखान्याला जायचंय!" तो थंडपणे म्हणाला, "कारखान्याला? यंदा त्याचं धुराडंच पेटलं न्हाई. समदा ऊस जनावरं खायलीत." "मग आधी कावून सांगितलं न्हाई?" "तुमी इचारलं कवा?" असं म्हणून तो मोळ्या उतरवायला गेला. परतीचं वाहन दुसरं नव्हतं, म्हणून धुळीनं माखलेल्या शर्टात मी तिथंच बसून राहिलो. समोर एक बैल डोळे मिटून उसाचं कांडं चघळत होता. इतकी वर्षं झाली, पण निवांत रवंथ करणारा बैल दिसला की वाटतं, माझी नोकरी यानंच खाल्ली.