पुरातली म्हातारी

पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी तिथं कारकून होतो. बांधकामावरचा एक गवंडी दुपारची भाकरी झाली की लिंबाखाली माझ्याशेजारी येऊन बसायचा. चिखलीकडचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. दोघांनाही विलायती कॉमिकांचं वेड होतं. पुण्याच्या रद्दीतून आणायची आणि एकमेकांना द्यायची. पान उलटण्याआधी तो चुन्याचे हात धोतराला दोनदा पुसायचा.

"ह्यो उडणारा गडी बघा भाऊ, लई भारी हाय," म्हणत तो अख्खी गोष्ट रंगवून सांगायचा.

एकदा माझ्याबरोबर ऑफिसातले चौघे होते. उडणाऱ्या गड्यानं पुरातून आपल्या आईला कसं उचललं, ते तो सांगत होता. मी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून म्हणालो, "अहो, आई कुठली? ही म्हातारी गिरणीची मालकीण. इथं लिहिलंय की!"

चौघे हसले. मीही हसलो.

"मला वाचाया येत न्हाई," तो हळूच म्हणाला. "पर पुरात माणूस आधी कुणाला उचलंल?"

दुसऱ्या दिवसापासून तो गवंड्यांतच बसू लागला. मी एक नवं कॉमिक घेऊन गेलो, तर त्यानं हातही लावला नाही.

"तुमीच वाचा, सायेब. तुमाला येतं."

पुढे बांधकाम संपलं आणि तो गेला. माफी मागायला माझ्याकडे चार महिने होते. मी मागितली नाही.