कडी लावायची राहिली

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. मंचरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लोक जळालेली मोटार घेऊन येतात आणि म्हणतात, "हिला काय लागीर झालंय का राव, सारखी जळतीय!" मी उघडून दाखवतो... बेअरिंग गेलेलं असतं. बस्स. इथले तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात ते गेलेलं बेअरिंगच शोधत असतो. माझ्या या हकिगतीत कुणाला ते सापडलं तर जरूर कळवा. राग येणार नाही. उलट सुटल्यासारखं वाटेल.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. माझ्या बायकोचं, संगीताचं, माहेर ओझरचं. पहिलं बाळंतपण तिकडंच झालं. मुलगी झाली. बारशाची तयारी चालली होती आणि त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. रात्री नीट दूध प्यायली होती. ताप नाही, काही नाही. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही.

संगीता रडली नाही. बायका म्हणायच्या, हिला रडवा, हिला मोकळी करा. पण छे. आधी तिची झोप गेली, मग जेवण गेलं, मग बोलणं. भिंतीकडं तोंड करून बसायची. घरात देवऋषी, अंगारे, उतारे सुरू झाले तेव्हा मी अडून बसलो. म्हटलं, मेंदूचा आजार आहे, मेंदूच्या डॉक्टरकडं न्यायचं.

जुन्नरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला तेव्हा एक छोटं खाजगी मनोरुग्णालय होतं. नाव लिहीत नाही, ते आता बंदही झालंय. माणसं चांगली होती. बैठी कौलारू इमारत, पुढं लांब व्हरांडा, बायकांच्या वॉर्डात ओळीनं लोखंडी कॉट. सगळीकडं फिनेलचा वास आणि बाहेर तारेवर वाळत घातलेल्या एकसारख्या हिरव्या साड्या. सिनेमात दाखवतात तसलं तिथं काही नव्हतं. किंकाळ्या नाहीत, साखळ्या नाहीत. दुपारी तर इतकं शांत, की डोंगरावरच्या गुरांच्या घंटा ऐकू यायच्या.

संगीताच्या शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती. सगळे तिला मुक्या आजी म्हणत. काही वर्षांपूर्वी पोलिसांनी तिला रस्त्यावरून आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. नाव नाही, गाव नाही. दिवसभर उजव्या हाताची मूठ किंचित पुढं करायची आणि खाली ओढायची... पुन्हा पुढं, पुन्हा खाली. एवढंच.

मी रविवारी दुकान बंद ठेवून माझ्या एम-एटी गाडीवर जायचो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी गेलो तर संगीता आजींच्या कॉटवर बसलेली, त्यांचा तो हात स्वतःच्या मांडीवर घेऊन. मी जवळ गेलो. इतक्या महिन्यांनी तिनं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली,

"पावणं, तुमी कुठलं?"

मला वाटलं चेष्टा करतीये. इतका आनंद झाला की मी हसलोच. म्हटलं, "मंचरचा. आणि तुम्ही?"

"आमचं घर पान्यात गेलं," ती म्हणाली. "नदीच्या अंगाला तोंड व्हतं घराचं. पायरीला फुटक्या जात्याची तळी बसवलेली. दगडूला सांगा, कडी लावायची राहिली व्हती. म्हणून माघारी आले मी."

आवाज संगीताचाच होता. पण बोलणं तिचं नव्हतं. ती बारावी शिकलेली, माझ्यासारखं 'व्हतं' तिच्या तोंडून चुकूनही यायचं नाही. उलट माझंच सुधारायची. आणि आमच्या भागात घर पाण्यात गेलं म्हणजे डिंभ्याच्या धरणात; तिकडं ती आयुष्यात कधी गेलेली नव्हती.

तिथल्या डॉक्टरीण मॅडम फार समजूतदार. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, स्वतःचं दुःख सहन होत नाही तेव्हा माणूस दुसऱ्याच्या दुःखात जाऊन बसतो. आजी कदाचित झोपेत पुटपुटत असतील, ते हिनं ऐकलं असेल. ती दगडू दगडू म्हणते, ते तुमच्याच बाळाला शोधणं आहे."

मला ते पटलं. खरंच पटलं. पण त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. मला पावणं म्हणायची, आणि मी निघालो की तोच निरोप. दगडूला सांगा... कडी लावायची राहिली व्हती.

शेवटी एप्रिलमध्ये मी धरणाकडं गेलो. कशासाठी? तर असलं घर तिथं नाही हे एकदा डोळ्यांनी बघावं आणि डोक्यातून काढून टाकावं म्हणून. उन्हाळ्यात तिथलं पाणी खाली जातं. बुडालेल्या जुन्या गावांची जोती, देवळांचे दगड वर येतात, उघड्या पडलेल्या गाळात लोक थोडंफार पीकही घेतात. ऊन मी म्हणत होतं. पाय गाळात रुतत होते. तासभर हिंडलो, सगळी जोती सारखीच. परत फिरणार तेवढ्यात एका घराची पायरी दिसली. तिच्यात जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, अर्धा फुटलेला, घट्ट बसवलेला. समोर नदीचं पात्र.

मी त्या पायरीवरच बसलो.

जवळच एकजण भुईमुगाला पाणी देत होता. त्याला विचारलं, हे घर कुणाचं?

"ह्ये व्हय? दगडूचं," तो म्हणाला. "त्याची आई ऱ्हायली बघा इथंच. गाव उठलं, सामान ट्रकात भरलं, आन् म्हातारी वाटंतच उतरून माघारी गेली. पानी चढत व्हतं. सापडलीच न्हाई."

घोडेगावच्या अलीकडं, पुनर्वसनाच्या वस्तीत दगडूचं घर सापडलं. चाळिशीचा माणूस. पारगावच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. मी आजींचं, घराचं सांगत गेलो तसा त्याचा चेहरा आवळत गेला.

"भाऊ, माझी आई मेली," तो म्हणाला. "आमी दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावं केलं, तेरावं केलं. आता तुमी कुठनं आलात आन् कशाला आलात?"

मी उठलो. दारात चपला घालता घालता म्हटलं, "मला फक्त निरोप द्यायचा होता. त्या म्हणतात, कडी लावायची राहिली होती म्हणून माघारी आले."

दगडूनं माझा हात धरून मला परत आत बसवलं. मग म्हणाला, "ट्रकात बसल्यापास्नं तिचं ह्येच चाललं व्हतं. मी लई वराडलो तिच्यावर. म्हनलं, बुडनाऱ्या घराला कसली कडी लावती? ...आमी दोघंच व्हतो वो ट्रकात मागं. तिसरं कुनी न्हवतं."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. भर दुपार होती. मुक्या आजी कॉटवर बसून तीच मूठ पुढं करून खाली ओढत होत्या, आणि ती कडी होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दगडू समोर उभा राहिला. "आये," म्हणाला. आजींनी त्याच्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहावं तसं.

आणि मागून, शेजारच्या कॉटवरून, संगीता बोलली.

"आलास व्हय रं? किती वाळलास. जेवलास का?"

दगडू वळला. एका बाजूला आई, चेहरा तिचाच होता पण ओळख नव्हती. दुसऱ्या बाजूला माझी बायको, त्याच्याहून पंधराएक वर्षांनी लहान, आणि ती त्याच्याकडं त्याच्या आईच्या नजरेनं बघत होती. कुणाच्या पाया पडावं त्याला कळेना. शेवटी दोन्ही कॉटच्या मधे, फरशीवरच त्यानं डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हमसून रडला. संगीता त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

त्यानंतर संगीता झोपली. संध्याकाळी उठली आणि मला म्हणाली, "अहो, हे काय, दाढी किती वाढलीये तुमची! दुकान कोण बघतंय?"

पंधरवड्यात ती घरी आली. हसती-खेळती, पहिल्यासारखी. आपल्याला मुलगी झाली होती आणि ती गेली हे तिला ठाऊक होतं. पण ते ती असं सांगायची, जणू कुणा लांबच्या नातेवाइकाची गोष्ट. डोळ्यांत टिपूस नाही. दगडूही सगळे कागद पुरे करून आजींना घरी घेऊन गेला होता. मला वाटलं, देवानं... किंवा गोळ्यांनी म्हणा... दोन्ही घरं सावरली.

पावसाळ्याच्या तोंडावर दगडू दुकानात आला.

"आई बोलाया लागली," तो म्हणाला.

"अरे वा! मग?"

"मला वळखत न्हाई. घर न्हाई, गाव न्हाई, कायच न्हाई. नुसती रडती. म्हनती, माझी पोर कुठं ठेवली? शर्वरी शर्वरी करती. आमच्या सात पिढ्यांत असलं नाव न्हाई वो कुनाचं."

मी हातातलं वायरचं बंडल खाली ठेवलं. शर्वरी हे नाव संगीतानं आणि मी ठरवलं होतं. बारसं झालंच नाही, म्हणून ते कुणाला सांगितलंही नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, संगीता आजींपाशी बसायची, बोलली असेल कधीतरी. असेलही. पण तिला आजींकडं नेऊ नका असंही म्हणाल्या. मी नेणारही नव्हतो. संगीतानंच हट्ट धरला. "शेजारच्या कॉटवरच्या आजी ना त्या? मला बघायचंय त्यांना."

आम्ही गेलो. आजी वाकळेवर पडलेल्या, अगदी काडी झालेल्या. संगीता जवळ बसताच त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"बाई, माझी शर्वरी कुठंय? दूध प्यायली का?"

मी दारातच थांबलो. आता काय होतंय, काय होतंय... काहीच झालं नाही. संगीतानं त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि मायेनं म्हणाली, "प्यायली हो आजी. आत्ताच झोपलीये. तुम्हीपण झोपा."

आजींनी डोळे मिटले. त्या पावसाळ्यातच त्या गेल्या. मुलगा उशाशी होता, पण शेवटपर्यंत त्यांनी त्याला ओळखलं नाही. दगडूनं माझ्याकडं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाला, "घरी आली, पन आली न्हाई."

आजींना भेटून परत येताना चढावर गाडी हळू झाली. मागं बसलेल्या संगीतानं विचारलं, "शर्वरी कोण हो त्यांची?"

"असेल कुणी नात," मी म्हटलं.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "नाव छान आहे पण."

आज इतकी वर्षं झाली. घराचा, कडीचा काहीतरी अर्थ लावता येईल. पण एका बाईचं दुःख उठून दुसरीच्या अंगात कसं जातं, आणि गेलेलं परत का येत नाही, याचं उत्तर माझ्याकडं नाही. आमच्या मुलीसाठी एक परकी म्हातारी रडून रडून गेली. पोरीच्या खऱ्या आईच्या वाट्याला ते रडणं आलंच नाही. ते आलं नाही म्हणून आज माझी बायको धडधाकट आहे, हेही खरं. मग मला वाईट नक्की कशाचं वाटतं, तेच कळत नाही.