लुंबिनीची खरी तारीख

सुमनबाई सोनकांबळे यांच्या घरात तिघांचा जन्म एक जूनचा आहे. त्यांचा स्वतःचा, मुलगा आनंदराजचा आणि नात लुंबिनीचा. निदान कागदावर तरी. शाळेत नाव घालताना तारीख आठवली नाही की गुरुजी एक जून लिहायचे आणि वर्ष अंदाजानं टाकायचे. त्यांच्या गावात, उमरी तालुक्यात, यावर जुना विनोद आहे : एक जूनला सुईणीला पाणी प्यायलाही फुरसत नसायची.

सुमनबाई या विनोदावर हसत नाहीत. चोवीस वर्षांपासून त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका आहेत आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये अंदाज चालत नाही. बाळाची तारीख, वार, वजन, पुढे उंची, सगळं निळ्या शाईत, खाडाखोड न करता. लग्न ठरलेल्या मुलीला अठरा पूर्ण झाली का, यावर वाद झाला की गाव त्यांच्याकडे येतं.

त्या हातानं एकदाच खोटी तारीख लिहिली.

आनंदराजचं वय त्याच्या गुरुजींनी वर्षभरानं वाढवलं होतं. त्यापायी पोलीस भरतीत वय तीन महिन्यांनी जास्त भरलं आणि तो बाद झाला. आता तो उदगीरला डाळ मिलमध्ये काम करतो. लुंबिनीचा जन्म सून बुद्धप्रियाच्या माहेरी, घरीच झाला. ग्रामपंचायतीत नोंद करायची राहून गेली. २०२१ साली शाळेत नाव घालताना अंगणवाडीचा दाखला लागला आणि तो द्यायचा होता सुमनबाईंनीच. नात जन्मली १७ ऑक्टोबर २०१३ ला. दाखल्यावर त्यांनी १ जून २०१५ लिहिलं. पुढं भरतीत पोरीच्या हाती दीड वर्ष जास्तीचं राहील, असा हिशोब. मुख्याध्यापकांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि सही केली. तिला बघून कुणालाही ती तारीख पटली असती. आधार कार्डही त्याच दाखल्यावर निघालं.

नात बारकी आहे हे सुमनबाईंना दिसत होतं. पण अंगणवाडीत धास्ती असते ती वजनाची. लुंबिनीचे गाल गोल, पोट भरलेलं, चेहरा बाहुलीसारखा. कुपोषणाच्या यादीत ती कधी आलीच नाही. उंचीचा रकाना भरला जात होता, वाचला जात नव्हता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या सकाळी, तो रकाना वाचावा लागला. बुद्धप्रियानं गेल्या वर्षीचा पांढरा फ्रॉक पेटीतून काढला. तो त्याच्या आदल्या वर्षीही घातलेला होता. खालची शिलाई उसवायची गरज तिसऱ्या वर्षीही पडली नाही. मिरवणुकीत लुंबिनीशेजारी सिंधु उभी होती. रजिस्टरमध्ये या दोघींची नावं एकाखाली एक आहेत, जन्मात आठ दिवसांचं अंतर. लुंबिनीचं डोकं सिंधुच्या खांद्याला लागत होतं. कुणीतरी म्हणालं, धाकटी बहीण का गं तुझी? सिंधु हसली. लुंबिनी हसली नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी आधारवरची तारीख घेतली, उंची मोजली, एकशे अठरा सेंटिमीटर, आणि तक्त्यावर टिंब दिलं. ते सगळ्यात खालच्या रेषेला टेकलं. आईबापही फार उंच नाहीत, काळजीचं कारण दिसत नाही, असं ते म्हणाले. तरी बुद्धप्रियानं पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी लातूरच्या डॉ. सौदामिनी औंढेकर यांच्या नावानं चिठ्ठी दिली. त्या मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ. उंचीच्या जुन्या नोंदी असतील तर सोबत न्या, असंही चिठ्ठीत लिहिलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिघी लातूरला गेल्या. सुमनबाईंच्या पिशवीत भाकरीच्या डब्याखाली जुनं रजिस्टर होतं.

डॉ. सौदामिनींनी उंची मोजून तक्त्यावर टिंब दिलं आणि डाव्या हाताचा एक्स-रे काढून घेतला. मनगटाच्या हाडांवरून शरीराचं वय कळतं. लुंबिनीच्या हाडांचं वय साडेसात निघालं. मग त्यांनी केसपेपर पाहिला आणि त्या भागातले डॉक्टर सवयीनं विचारतात तो प्रश्न विचारला.

“एक जून. ही खरी, की शाळेची?”

बुद्धप्रियानं सासूकडे पाहिलं.

“खरीच हाय, म्याडम,” सुमनबाई म्हणाल्या. “म्या सोताच्या हातानं लिवलेली हाय.”

डॉक्टरांनी मान हलवली. नऊ वर्षांच्या मुलीची हाडं दीड वर्षानं मागं असू शकतात, काही मुलं उशिरा उंची घेतात, त्यांनी समजावलं. रक्ताच्या साध्या तपासण्या लिहून दिल्या आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं. जुन्या नोंदी आणल्यात का, असंही विचारलं. सुमनबाई म्हणाल्या, घरी राहिल्या.

बाहेर बाकड्यावर डबा उघडला तेव्हा बुद्धप्रियाला रजिस्टरचा कोपरा दिसला. तिनं लुंबिनीला पाण्याची बाटली भरायला पाठवून दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, “आत्या, दुसऱ्याच्या पोरीचं लगीन तुमी ह्याच वहीवर मोडलं होतं. सतरा वर्षं अकरा महिने म्हणून.”

सुमनबाईंनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. खोटा दाखला म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सेविकेचं काम जाऊ शकतं. आणि काम राहिलं तरी लोक वहीपाशी येणं थांबवतील, हे त्याहून अवघड होतं. दुसऱ्या बाजूला सहा महिने. हाडं एकदा जुळली की उंची वाढत नाही, हे डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं.

तपासणी दोनला बंद होत होती. दोनला दहा कमी असताना त्या दाराशी गेल्या. नंबर संपले, कंपाउंडर म्हणाला. त्या तिथंच उभ्या राहिल्या. शेवटचा पेशंट निघाला तशा आत शिरल्या आणि रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं.

डॉ. सौदामिनींनी ओळ वाचली. १७ ऑक्टोबर २०१३. पाच वर्षांची असताना शहाण्णव सेंटिमीटर, सहाव्या वर्षी शंभर. त्यांनी तक्ता पुन्हा पुढं ओढला. मघाचं टिंब होतं त्याच उंचीवर राहिलं, फक्त उजवीकडे सरकलं, आणि सगळ्या रेषांच्या खाली कोऱ्या कागदावर पडलं. मुलगी साडेदहाची होती, हाडं तीन वर्षांनी मागं होती, आणि ती वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नव्हती.

“ही वही तुमचीच?”

“हाव.”

“आणि तो दाखला?”

“त्याचंबी अक्षर माझंच.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. सकाळची एक तपासणी वाया गेली, एवढंच म्हणाल्या. मग केसपेपरवरची तारीख खोडून खरी लिहिली आणि आधीच्या यादीत आणखी तपासण्या घातल्या. थायरॉइड ठीक निघालं, गव्हाचं वावडं नव्हतं, मुलींमध्ये कधी असणारा गुणसूत्रांचा दोषही नव्हता. आता शेवटची तपासणी उरली होती. ग्रोथ हार्मोन दिवसभर रक्तात सारखं नसतं. औषध देऊन ते बाहेर येतं का, हे बघावं लागतं.

जुलैमध्ये लुंबिनीला सकाळी उपाशीपोटी झोपवलं, हातात सुई बसवली, गोळी दिली आणि दर अर्ध्या तासाला रक्त घेतलं. गोळीनं रक्तदाब उतरतो. तिसऱ्या वेळेला मुलगी हाक मारून उठेना, तेव्हा नर्सनं पाय उंच केले आणि सलाइन लावलं. सुमनबाई भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. वीस मिनिटांनी लुंबिनीनं डोळे न उघडता विचारलं, “आजी, झालं का?” रक्ताची अजून एक बाटली राहिली होती.

निकालात हार्मोन दहाच्या वर जायला हवं होतं. ते तीनच्या पुढं गेलं नाही. एका तपासणीवर निदान करत नाहीत म्हणून दुसऱ्या औषधानं पुन्हा झाली. तेव्हाही अडीच. मग मेंदूचा एमआरआय झाला, त्यात गाठ नव्हती. ग्रोथ हार्मोनची कमतरता, असं डॉ. सौदामिनींनी लिहून दिलं. रोज एक इंजेक्शन, वाढ पूर्ण होईपर्यंत. औषध महाग होतं; त्याच्या खर्चाला मदत मिळावी म्हणून जो अर्ज करायचा होता त्यावर आणि आधारवर एकच तारीख लागणार होती.

सुमनबाईंनी शाळेला पत्र दिलं. अंगणवाडीच्या दाखल्यावरील जन्मतारीख मी जाणूनबुजून चुकीची लिहिली आहे, मूळ नोंद सोबत जोडली आहे. मुख्याध्यापक म्हणाले, नजरचुकीनं असं लिहा, बाई, तुम्हाला सोपं जाईल. त्यांनी शब्द बदलला नाही. महिन्याभरात अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयाची नोटीस आली. खुलासा त्यांनी दिला आहे, निर्णय अजून आलेला नाही.

तारीख बदलून आली तेव्हा लुंबिनीनं बोटांवर मोजून पाहिलं आणि आपण सिंधुपेक्षा आठ दिवसांनी मोठ्या आहोत, हे त्याच संध्याकाळी तिला जाऊन सांगितलं.

इंजेक्शनं सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा उंची एकशे एकोणीस होती. डिसेंबरात तीन महिने भरले, तेव्हा सुमनबाईंनी नातीला अंगणवाडीच्या पट्टीखाली उभं केलं, टाचा भिंतीला लावल्या, हनुवटी सरळ केली. आकडा मात्र स्वतः वाचला नाही. बुद्धप्रियाला बोलावून वाचायला लावला.

“एकशे एकवीस पॉइंट आठ,” ती म्हणाली.

“परत बघ.”

तिनं परत बघितलं. तेवढंच होतं. सुमनबाईंनी ते वहीत लिहिलं आणि शेजारी सुनेची सही घेतली.