काचेची पट्टी

"बिल्डिंग बरी आहे ना?"

साहेब भेटले की पहिला प्रश्न हाच. तुम्ही कसे आहात, मुलं काय करतायत, हे सगळं नंतर. एकदा मी अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घरी येत होतो, तर जेसल पार्कच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना गाठ पडली. मी, बिल्डिंगचा सेक्रेटरी, पोट धरून उभा. तरी साहेबांनी तेच विचारलं. मी वैतागून म्हणालो, "बिल्डिंग बरी आहे साहेब, सेक्रेटरी आजारी आहे." त्यावर म्हणाले, "सेक्रेटरीला टाके पडलेत ना? मग झालं तर!"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला सगळ्या जगात एकच गोष्ट दिसते. साहेब निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. कुणाकडेही गेले की बसायच्या आधी बोटांनी भिंत वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. खिशात रुमालाशेजारी छोटी हातोडी. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "मुंडावळ्या बांधून हॉलचा खांब वाजवत होते हे. भटजी तिकडे सावधान, सावधान करतायत!"

आमच्या बिल्डिंगला तीस वर्षं झाली, तेव्हा तिची तपासणी करून घेणं भाग होतं. साहेब म्हणाले, रविवारी येतो. आता माझी अक्कल ऐका. एवढा मोठा माणूस येणार, आणि खाली पार्किंगमधले खांब हे असे तडकलेले, पोपडे आलेले. बरं दिसतं का? मी शनिवारी पेंटर बोलावला, सगळ्या भेगा व्हाइट सिमेंटने बुजवल्या आणि वर मस्त पिवळा रंग मारून घेतला. रविवारी सकाळी मी नवा शर्ट घालून गेटवर हजर!

साहेबांनी खांबांकडे पाहिलं. हातोडी परत खिशात ठेवली.

"हे कोणी केलं?"

"मीच. म्हटलं, तुम्ही येणार..."

"अहो, पेशंटला पावडर लावून आणलंत तुम्ही. आता मी आजार शोधू कुठे?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. पण नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता ते पत्र्याचा तुकडा घेऊन यायचे आणि माझाच रंग खरवडायचे. मी स्टूल धरून उभा राहायचो. बाराव्या दिवशी मीटर रूमच्या मागचा खांब सापडला. आतली सळई इतकी गंजली होती की साहेबांनी नखाने तिचा पापुद्रा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मग मीटिंग झाली. "आपल्याकडे कुठे येतो भूकंप?" हा प्रश्न विचारणारा शहाणा मीच.

"येत नाही ना, तेच वाईट," साहेब म्हणाले. "ज्या गावात रोज साप निघतो, तिथली माणसं बॅटरी घेऊन चालतात. आपण अंधारात अनवाणी चालतोय." मग त्यांनी समजावलं. वरच्या मजल्यांवर सगळीकडे भिंती, खाली नुसते खांब. अंग पैलवानाचं आणि पाय बगळ्याचे. मोठा नको, मध्यम धक्का बसला तरी खालचा मजला आधी बसेल. उपाय असा, की खांबांभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचा जाड थर द्यायचा, आणि दोन कोपऱ्यांत खांबांच्या मधे पक्क्या भिंती उभ्या करायच्या.

त्या दोन कोपऱ्यांत दोन पार्किंग जाणार होती. एक तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाईंचं, दुसरं माझं. माझी गाडी नवीकोरी, बॉनेटवरचं कुंकूसुद्धा पुसलं नव्हतं. मी घसा साफ करून म्हणालो, "खांब करून घेऊ. भिंतींचं पुढच्या वर्षी बघू."

भाई उठले. "मेरा गाँव कच्छ में है. नीचे का माला कैसे बैठता है, मैंने देखा है. मेरी पार्किंग ले लो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! "माझंपण घ्या," मी म्हणालो. नंतर जिन्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "गाडी रस्त्यावर राहते. माणसं नाही राहत."

काम झालं. जिन्याखालच्या भिंतीतली एक भेग मात्र साहेबांनी बुजवू दिली नाही. तिच्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली आणि बाजूला पेन्सिलने तारीख घातली. "भेग वाढली, भिंत हलली, तर आधी ही तुटेल. आणि सेक्रेटरी, हिला रंग लावलात तर याद राखा!" दर महिन्याला ते काच बघायला यायचे. दिवाळीत जिन्याला रंग दिला, तेव्हा पेंटरचा ब्रश लांब ठेवायला मी दोन तास तिथे उभा होतो.

पुढच्या गणपतीनंतर साहेब गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. मांडणीवरची भांडी वाजली. पंखा बंद होता, तो झुलायला लागला. चार-पाच सेकंद, बस. पण सगळी बिल्डिंग धडाधड खाली. भाईंनी त्यांच्या कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावून डोळे मिटले. मी खरकट्या हातानेच जिन्याखाली पळालो आणि मोबाइलचा उजेड पाडला.

काच शाबूत होती.

सवयीने अंगठा साहेबांच्या नंबराकडे गेला. आता कुणाला सांगणार, असं मनात येतंय तोच हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव 'साहेब'. मी फोन कानाला लावला.

"मी बोलतेय," काकूंचा आवाज आला. "हे असते तर त्यांनी आत्ता तुम्हालाच फोन लावला असता. म्हणून त्यांच्या फोनवरून मी लावला. बिल्डिंग बरी आहे ना?"

"बरी आहे, काकू," मी म्हणालो, आणि तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.